पदराचा बोळा

टीव्हीवर विनोदी नाटक लागलं की आम्ही टेपरेकॉर्डर समोर स्टुलावर ठेवायचो आणि लाल बटण दाबायचो. मग पंखा बंद, आणि कोणी शिंकायचंसुद्धा नाही, हा माझा हुकूम. आई मात्र हमखास फसायची. तोंडात पदराचा बोळा कोंबूनही तिचं हसू फुटायचंच. मी खेकसायचे, "आई, सगळं रेकॉर्डिंग घालवलंस!"

परवा रोडपालीच्या फ्लॅटमध्ये माळा आवरताना त्या वेळची एक कॅसेट सापडली. एका बाजूला माझी लाडकी भावगीतं, दुसऱ्या बाजूला नाटक. आईला आता काही आठवत नाही. मला ती "बाई" म्हणते, आणि ती शेवटची कधी हसली ते मला सांगता येणार नाही. शेजाऱ्यांकडून टेपरेकॉर्डर आणला आणि तिच्यासमोर स्टुलावर ठेवला.

नोकर मालकाचाच कोट घालून येतो तो प्रसंग आला, आणि टेपमधली आई खळखळून हसली. तिच्यामागोमाग माझं खेकसणंही वाजलं. मी समोरच्या आईकडे पाहिलं. तिचे खांदे गदगदत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. हल्ली ती गाऊन घालते, पदर नाही, म्हणून तिने तोंडात टॉवेल कोंबला होता.

"आई, हस गं, मोठ्याने हस! काही रेकॉर्डिंग चालू नाहीये."

तिने घाबरून स्टुलाकडे बोट दाखवलं.

"हळू बोला, बाई," ती पुटपुटली. "आमची मुलगी ओरडते."