गाता आलं की स्पीड कमी

इथून कायमची इंडियाला परतणारी प्रत्येक बाई जाताना सामान वाटून जाते. कुणी कुकर देते, कुणी तुळशीची कुंडी. आणि तिचे एक-दोन डबे आपल्याकडे राहून जातात, ते परत करणं कधीच होत नाही. माझ्या ओट्याखालचं एक कपाट अशा डब्यांनी भरलंय. आमचे हे म्हणतात, "टाकून दे ना!" कसे टाकू? झाकण उघडलं की एकेक किस्सा बाहेर पडतो!

आमच्या चालण्याच्या ग्रुपचे किस्से तर कपाटात मावत नाहीत. अबुधाबीच्या खलिफा सिटीत आम्ही चौघी होतो. सुमनताई आमच्या कॅप्टन, पुण्याच्या देववहिनी, कोल्हापूरची शैला आणि मी. चौघींचीही पाळी थांबलेली. चौघींची झोप, चौघींचा राग, चौघींचे गुडघे, सगळं आपापल्या मर्जीनं चालायचं. चालत नव्हतो फक्त आम्ही!

* * *

सुरुवात झाली सुमनताईंच्या खोकल्यापासून. पाळी गेल्यापासून त्यांना बारीकसारीक काहीही चिकटायचं. मॉलमध्ये कुणी शिंकलं की सुमनताई अंथरुणात. त्यांच्या मुलाला दुबईत पहिला मुलगा झाला तेव्हाही नेमका खोकला. बाळापासून लांब राहा, असं सांगितलेलं. बारशाच्या दिवशी त्या मास्क लावून दारात उभ्या राहिल्या आणि पाळण्याची दोरी बाकीच्या बायकांनी ओढली.

"नातवाचं बारसं मी दारातून पाहिलं गं मंगल," असं त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "सूनबाईला परत दिवस गेलेत. या वेळी तरी..."

मी त्यांना आमच्या क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "पीरियड्स बंद होने के बाद बॉडी के सोल्जर थोड़े ढीले पड़ते हैं. उनको रोज परेड चाहिए. तेज चलो!"

"तेज मतलब कितना?" सुमनताईंनी विचारलं.

"इतना, कि बात कर सको, लेकिन गाना ना गा सको."

"फिर खाँसी नहीं आएगी ना?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "इन्शाल्ला!"

* * *

पहिल्या संध्याकाळी पार्कात आम्ही नव्या बुटांत, पंजाबी ड्रेसवर ओढणीची गाठ मारून निघालो. एक फेरी झाली तशी सुमनताईंनी ऑर्डर सोडली, "शैला, गा!"

"काय गाऊ?"

"काहीही! टेस्ट आहे."

शैलाने आरती सुरू केली. चालत, टाळ्या वाजवत, एकही शब्द न गाळता अख्खी आरती म्हटली. शेवटी तर सवयीप्रमाणे डोळे मिटून स्वतःभोवती गिरकीही घेतली! समोरून येणारी फिलिपिनो मुलगी बाजूला झाली.

सुमनताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता प्रसादही वाट! अगं, गाता आलं म्हणजे स्पीड कमी! यल्ला, पळ!"

त्या दिवसापासून आमच्यात कुणी साधं गुणगुणलं तरी मागून आवाज यायचा, "स्पीड कमी पडतोय!"

* * *

टेस्टची दुसरी बाजू म्हणजे बोलता आलं पाहिजे. देववहिनी सगळं नियमानं करणाऱ्या. गाणं येऊ नये म्हणून इतक्या जोरात चालल्या, की "आज भाजी काय केली?" या प्रश्नाचं उत्तर बाकावर बसून, पाणी पिऊन, मग आलं. "दोडका."

शैलाची गोष्टच वेगळी. तिची बडबड कुठल्याच वेगाला थांबायची नाही. देववहिनी एकदा वैतागून म्हणाल्या, "हिला बोलता येणार नाही एवढा स्पीड इथल्या हायवेलासुद्धा अलाउड नाही!"

तिघी इंडियाला परतल्यापासून मी एकटीच चालते. वेग बरोबर आहे की नाही कळत नाही. बोलून बघायला कुणी नसतं.

* * *

उन्हाळ्यात इथे संध्याकाळीसुद्धा बाहेर चालणं शक्य नसतं. मग आम्ही सकाळी मॉलमध्ये जायचो. दुकानांची शटर्स अजून खाली असायची आणि आम्ही चौघी हात हलवत गोल गोल. एकदा एक नवीन सिक्युरिटीवाला आला. त्याने आमच्या दोन-तीन फेऱ्या बघितल्या, मग काळजीने आमच्याबरोबरच चालायला लागला.

"मॅडम, यू लुकिंग फॉर समथिंग?"

आम्ही तिघी लाजलो. शैला न थांबता म्हणाली, "येस. इम्युनिटी!"

त्याने क्षणभर विचार केला. "फार्मसी, मॅडम. ग्राउंड फ्लोअर."

* * *

देववहिनींना अंगातून एकदम वाफा यायच्या. सुपरमार्केटमध्ये शिरल्या की आधी फ्रोझन मटारचं दार उघडून उभ्या राहायच्या. मटार कधी घ्यायच्या नाहीत. घरात एसी इतका थंड, की देवभाऊजी रात्री ब्लँकेट, स्वेटर आणि वर कानटोपी!

सुमनताई म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये अबुधाबीत कानटोपी घालून झोपणारा तुमचा नवरा एकटाच असेल!"

देववहिनींनी मान डोलावली. "दोन घेऊन ठेवल्यात. एक धुवायला टाकली तर पंचाईत नको."

* * *

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देववहिनींनी वाण म्हणून काय द्यावं? चालायचे मोजे! प्रत्येकीला एक जोडी, वर तिळगुळाची वडी. सुमनताई तिथवर चालतच आल्या. काळी चंद्रकळा, नाकात नथ, आणि पायांत स्पोर्ट्स शूज. एक नवीन बाई बघतच राहिली. सुमनताई तिला कुंकू लावत म्हणाल्या, "नथ काढता येते हो. बूट काढले की कॅप्टनशिप जाते!"

किती हसलो होतो त्या दिवशी! काळ्या साड्यांतला आमचा फोटो अजून माझ्या फ्रिजवर आहे.

* * *

आणि त्याच आठवड्यात सुमनताईंना सर्दी झाली. सर्दी, ताप, खोकला, सगळं. सुनेचे दिवस भरत आलेले. मी पेज घेऊन गेले तर बाई तापात बूट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारतायत!

"अहो, बसा!"

"बसू कशी? परत दारात उभी राहू का मी?" एवढं म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "एवढी चालले गं. काय उपयोग झाला?"

मी त्यांना कसंबसं झोपवलं. ही गोष्ट शैलाला कळली. संध्याकाळी मला सुमनताईंच्या मिस्टरांचा फोन, आवाज अगदी चढलेला, "वहिनी, कमाल झाली! या देशात दारात सोनं ठेवलं तरी कुणी हात लावत नाही, आणि माझ्या बायकोचे बूट गेले!"

बूट शैलाकडे होते. मी विचारलं तर म्हणाली, "ताप उतरल्याशिवाय मिळणार नाहीत. खलास!"

* * *

बूट परत मिळाले, कारण ताप लवकर उतरला. खोकलाही गेला. पूर्वी महिना महिना मुक्कामाला असायचा. तरी सुमनताई डॉक्टरीणबाईंशी भांडायला गेल्याच. "आपने बोला था, चलो. मैं चली. फिर भी आया ना?"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे घसा तपासला, छाती तपासली आणि म्हणाल्या, "मैंने कब बोला उसको वीजा नहीं मिलेगा? पर देखो, ओव्हरस्टे किया क्या?"

मग गंभीर होऊन म्हणाल्या, "लेकिन बुखार में परेड बंद. सोल्जर लड़ाई पे होते हैं तब."

बाहेर आल्यावर सुमनताईंनी वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या. मग म्हणाल्या, "मंगल, आज एक फेरी जास्त मारू."

* * *

नात झाली. बारशाला आम्ही तिघी देववहिनींच्या गाडीतून दुबईला निघालो. डिंकाचे लाडू माझ्या मांडीवर. अर्ध्या वाटेत शैला शिंकली. मग पुन्हा शिंकली.

देववहिनींनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "पर्समध्ये मास्क आहे. लाव. आणि आज तू दारातच थांबायचं!"

"अहो, एसीमुळे..."

"दारातच!"

पोचलो तेव्हा पाळण्यात घालायच्या आधीच बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. सूनबाई दमलेली. बायका नुसत्याच खुळखुळे वाजवत होत्या. सुमनताईंनी बाळाला उचललं, खांद्याशी धरलं आणि हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागल्या. अगदी हळूहळू. आणि अंगाई म्हणायला लागल्या. त्यांचा आवाज इतका गोड आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. कसं असणार?

बाळ हळूहळू गप्प झालं. बायकांनी खुळखुळे खाली ठेवले. मी लाडवांचा डबा हातात धरून तशीच उभी.

तेवढ्यात दारातून, मास्कच्या आतून, शैलाचा आवाज आला, "कॅप्टन! गाता येतंय तुम्हाला! स्पीड कमी पडतोय!"

सुमनताईंनी वळूनही पाहिलं नाही. भिंतीपाशी गेल्या, वळल्या आणि आणखी हळू चालत त्यांनी पुढचं कडवं सुरू केलं.