नोराची जिरेनियमं

ब्रोकन हिलच्या शिशाच्या खाणीतला मजूर क्लॅरी कायद्याप्रमाणे संध्याकाळी सहाला गुत्ता बंद झाला की तर्र होऊन घरी यायचा आणि आधी ओट्यावरच्या कुंड्या लाथाडायचा, मग बायकोला. नोराचे गुलाब मेले, नेचे मेले. एकदा तिचा हातही मोडला. तेव्हा तिने मोडकी फांदी खोचली तरी रुजणारं चिवट जिरेनियम निवडलं. त्या मेल्याने लाथेने फांद्या मोडल्या की ती त्याच फांद्या रॉकेलच्या डब्यांत खोचायची आणि भांडी विसळलेलं पाणी घालायची. दोन वर्षांत ओटा लालभडक झाला.

"कसला फुललाय गं!" शेजारची एडना म्हणाली.

"नवऱ्याच्या लाथेचा गुण!"

एके संध्याकाळी क्लॅरीने पायरीवरच्या सगळ्यात मोठ्या डब्याला लाथ घातली आणि गुरासारखा ओरडला. त्याने खाणीतून जेवणाच्या डब्यात चोरून आणलेले, पलंगाखाली दडवलेले शिशाचे दगड नोराने त्या कुंडीच्या डब्यात मातीखाली ठासून भरले होते. असे चोरलेले दगड कुणाकडे सापडले की खाणवाले थेट तुरुंगात धाडत. क्लॅरीच्या पायाची बोटं चेचली होती, बुटातून रक्त गळत होतं.

"सटवे, डॉक्टरला बोलाव!"

"बोलावते की," मोडलेली फांदी दुसऱ्या डब्यात खोचत नोरा म्हणाली. "पण लाथ कशावर मारलीस म्हणून सांगू?"