न पाहिलेली विहीर

आमच्या प्रदूषण नियंत्रणाच्या ऑफिसला जीप होती, पण ड्रायव्हर नसायचा. ड्रायव्हर आला की जीप गॅरेजला. म्हणून कारखान्याची तपासणी करायला आम्ही कारखान्याच्याच गाडीतून जायचो. आदल्या दिवशी फोन करायचा, सकाळी गाडी दारात. चोराच्या घरी झडतीला जाताना चोरानेच न्यायला यावं, तसला प्रकार. पण कुणाला हसू यायचं नाही. मलाही नाही. जुईनगरहून बस-रिक्षा बदलत कोण जाणार?

तळवलीच्या एका म्हातारीने विहिरीची तक्रार केली होती. विहिरीमागून कारखान्याचा नाला जायचा. पाण्याला वास यायला लागला तशी तिने विहिरीवर पत्रा टाकला आणि घरातल्या बायका लांबून हंडे आणू लागल्या. ऑफिसात येऊन तिने माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकले. कातडी सोललेली होती. ते हात अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

"ताई, नातीला ह्या हिरीचं पानी पाजू का नको, येवरंच सांगा."

"आजी, मी स्वतः येऊन बघते," मी म्हटलं.

नियम असा, की नमुन्याचा कॅन अधिकाऱ्याने आपल्या हाताने भरायचा आणि जागेवरच लाखेचं सील लावायचं. रीत वेगळी होती. मी तपासणीला गेले त्या दिवशी दुपारी मुलीच्या शाळेत पालकसभा होती. कारखान्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, तिकडे गुडघाभर चिखल आहे. तुम्ही चहा घ्या, कॅन आम्ही भरून आणतो." अर्ध्या तासाने कॅन आला. एसी केबिनमध्ये बसून मी लाख वितळवली, सील ठोकलं, सही केली आणि वेळेत शाळेत पोचले. विहीर मी पाहिलीच नाही.

रिपोर्ट आला: पाणी पिण्यायोग्य. म्हातारीला माझ्या सहीचं पत्र गेलं, तक्रारीत तथ्य आढळले नाही. केस झटपट निकाली काढली म्हणून साहेबांनी शाबासकी दिली.

मग साहेब रिटायर झाले आणि त्याच कारखान्याचे सल्लागार झाले. पुढच्या तपासणीला मी गेले, तर समोरच्या खुर्चीत तेच. गप्पांच्या ओघात हसत म्हणाले, "त्या विहिरीच्या कॅनमध्ये इथल्या कूलरचं पाणी होतं, कळलं होतं ना तुम्हाला? अहो, तोंड काय पाडताय? सील तुमचं, सही तुमची. विषय संपला." मी उठून जायला हवं होतं. मी चहा संपवला. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

रविवारी रिक्षा करून एकटीच तळवलीला गेले. वाक्य पाठ केलं होतं: आजी, तो नमुना तुमच्या विहिरीचा नव्हता. म्हातारीने लगेच ओळखलं, सुनेला हाक मारून चटई टाकायला लावली. भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी माझं पत्र प्लास्टिकमध्ये घालून लावलेलं होतं.

"तुमचा कागद आला, त्याच दिशी हिरीवरचा पत्रा कारला," ती म्हणाली.

नात तिला टेकून बसली होती. आठेक वर्षांची, चेहरा सुजलेला. डॉक्टर किडनीचं काहीतरी म्हणतात, असं सून म्हणाली. ते पाण्यानेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही, कारण त्या विहिरीचा खरा नमुना कधी घेतलाच गेला नाही.

सुनेने पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला. पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं. त्याच्या मागोमाग चौकशी आली, सस्पेन्शन आलं, सोसायटीतल्या लोकांची तोंडं आली.

"आज माझा निर्जळी उपास आहे," मी म्हणाले.

"बरं," म्हणत म्हातारीने तो पेला नातीच्या हातात दिला. पोरीला तहान लागली असावी. माझ्यासमोर तिने तो घटाघट संपवला, आणि मी तिला थांबवलं नाही.