सातव्या डुबकीचा दोर

गोपीनाथ केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याचे, पण सारी नोकरी काढली लखनौत. समुद्राकाठच्या माणसाला समुद्रापासून हजार किलोमीटरवर नेऊन बसवायचं आणि तिथे त्याच्याकडून समुद्रात बुडवायची उपकरणं करून घ्यायची, हे फक्त आपल्याकडेच होऊ जाणे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. पदनाम चांगलं दीड ओळीचं होतं, काम मात्र सोप्या शब्दांत सांगता येई: तापमापक बनवायचे आणि ते खोटं बोलत नाहीत ना, हे तपासायचं.

तपासायला बर्फ लागे. दर मंगळवारी केळुसकर सायकलरिक्षात बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून पायाशी धरून आणत, फोडून पाण्याच्या पिंपात घालत आणि तापमापक शून्याला शून्यच म्हणतोय का ते बघत. अंशाचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला, तरी तो तापमापक पुन्हा टेबलावर. त्यांच्या हाताखालून गेलेल्या वस्तूवर कोणी शंका घ्यायची नाही, असा विभागात दंडकच होता. केळुसकरांना त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

२००२ साली डॉ. सत्यजित बर्वे विभागात आले. त्यांचा विषय समुद्रातले भोवरे. भोवरा म्हटलं की होडी गिळणारा खड्डा डोळ्यांपुढे येतो. हे तसे नव्हेत. शे-दोनशे किलोमीटर रुंद, महिनोन्महिने सावकाश फिरणारे, पोटात ऊन पाणी घेऊन चाललेले. ती उष्णता खालच्या गार पाण्यात किती वेगाने मिसळते, हे सरांना मोजायचं होतं. "केळुसकर, चहात दूध ओतलं की आधी धागे दिसतात ना? मला समुद्रातले ते धागे मोजायचेत," एवढंच ते म्हणाले. केळुसकरांना तेवढं पुरलं.

पुढची तीन वर्षं म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सणच. दोघांनी मिळून दीड मीटर लांबीची एक नळी बनवली. टोकाला तांदळाच्या दाण्याहून बारीक तापमापक, मागे सरळ पडावी म्हणून अमीनाबादेतून आणलेल्या प्लास्टिकच्या झाडूची शेपटी. त्या शेपटीवरून विभाग पोट धरधरून हसला. थंडीत सर सकाळीच चौकात जाऊन द्रोणातून मक्खन मलई, म्हणजे दुधाचा गोड फेस, आणत, आणि दोघे नळीकडे बघत ती खात. बायको विनीता म्हणे, "अहो, त्या नळीचं बारसं तरी करून टाका आता." अशी थट्टा झाली की केळुसकर खूश होत.

या नळीची एक अट होती. ती पाण्यात आपल्या वजनाने, मोकळी पडली पाहिजे. वरून बांधलेला दोर सतत सैल हवा, पाण्यावर त्याची वेटोळी दिसत राहायला हवीत. दोर ताठला, तर जहाजाचे हिसके नळीला बसणार, आणि पाणी शांत असलं तरी ते घुसळतंय असं नळी सांगणार. दोर कोण सोडणार, हा प्रश्नच आला नाही. जानकीपुरमच्या घराच्या गच्चीवर शेजाऱ्यांबरोबर वीस वर्षं पतंग उडवून केळुसकरांची बोटं ढील द्यायला तयार झाली होती.

फेब्रुवारी २००५ मध्ये जहाज बंगालच्या उपसागरात निघालं. एकवीस दिवस. पंचावन्न वर्षांचे केळुसकर डेकवर उभे राहून खारा वारा नाकात भरून घेत आणि उगाचच डोळे पुसत. भोवऱ्याच्या पोटात नळीने सहा डुबक्या छान मारल्या. सातवी त्याच्या काठावर होती. उष्णता सगळ्यात वेगाने काठावरच मिसळत असणार, असा सरांचा भरवसा होता.

तेवढ्यात वारा वाढला. जहाज बाजूला सरकू लागलं, दोर भराभर जाऊ लागला, आणि रिळावरचे शेवटचे वेढे केळुसकरांना दिसले. नळी जाते, तीन वर्षांचं लेकरू हातचं जातं, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी मूठ आवळली. दोर ताठ झाला. दोन मिनिटं तो थरथरत राहिला, मग जहाज वळलं आणि त्यांनी पुन्हा ढील दिली. सर आत पडद्यापाशी होते, त्यांनी काही पाहिलं नाही.

नळी वर आली. आकडे बघून सर बाहेर धावत आले आणि त्यांनी केळुसकरांना मिठीच मारली. "दहापट! अहो, काठावर उष्णता दहापट वेगाने खाली जातेय!" केळुसकरांच्या जिभेवर शब्द आले होते. पण सरांचे डोळे पाण्याने भरले होते, आणि वाऱ्यामुळे कप्तानाने जहाज माघारी वळवलं होतं. आठवी डुबकी होणार नव्हती. उद्या सांगू म्हणून त्यांनी वहीत लिहिलं, 'डुबकी ७, दोर ठीक.' तो उद्या काही उजाडला नाही.

वर्षभराने सरांचा लेख छापून आला. शेवटी आभारात गोपीनाथ केळुसकर हे नाव होतं. विनीताने ते पान चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं. आल्यागेल्याला ती ते दाखवी, आणि केळुसकर पाणी आणायला आत जात. २०१० मध्ये ते निवृत्त झाले, पुढच्या वर्षी सर गेले. आता कोणाला सांगायचं आणि कशाला, असं त्यांनी मनाला पटवलं. मन काही पटत नव्हतं.

२०१३ च्या दिवाळीनंतर दुसऱ्या दिवशी हिमानी गद्रे आली. रेल्वेतल्या इंजिनिअरची मुलगी, जन्मापासून लखनौतली, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतून स्कूटी हाणत आलेली. सरांचीच शेवटची विद्यार्थिनी, महिन्याभरात पीएच.डी.चा प्रबंध द्यायचा होता. त्या दिवशी अख्खं लखनौ पतंग घेऊन गच्चीवर चढतं, जमघट म्हणतात त्याला. केळुसकरही गच्चीवरच होते.

"काका, बस एक ही सवाल," हिमानी म्हणाली. हातात त्यांचीच जुनी वही होती. "माझं पूरं चॅप्टर सातव्या ड्रॉपवर आहे. सर आता नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारते. दोर ढीला था ना?"

वहीत त्यांच्याच अक्षरात उत्तर होतं. नुसती मान हलवली असती तरी पोरगी पाया पडून निघून गेली असती. सरांचं नाव राहिलं असतं, तिचा प्रबंध वेळेवर गेला असता, खाली भिंतीवरची चौकटही राहिली असती. केळुसकरांनी वर पाहिलं. त्यांचा पतंग उंच, शांत उभा होता.

त्यांनी मांजा तिच्या हातात दिला. "मूठ आवळ. घट्ट."

तिने आवळली. पतंग थरथरायला लागला.

"वर वारा तोच आहे, बेटा. पतंग हलतोय तो तुझ्या हातामुळे. सातव्या डुबकीला मी मूठ आवळली होती. नळी जाईल म्हणून भ्यालो. वहीत खोटं लिहिलं, आणि सरांना शेवटपर्यंत सांगितलं नाही."

आजूबाजूच्या गच्च्यांवर 'वो काटा'चा गलका चालला होता. हिमानीने मांजा त्यांच्या हातात परत दिला. "काका, आपने मेरे छह महीने ले लिए," एवढं म्हणून ती जिना उतरून गेली. केळुसकर गच्चीच्या कठड्याला धरून रडले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच रडले, आणि विनीताला सगळं सांगितलं. ती नुसती पाठीवर हात ठेवून बसली.

चौथ्या दिवशी हिमानी परत आली, वही आणि लॅपटॉप घेऊन. "बसा काका. कहाँ से कहाँ तक, ते सांगा." केळुसकरांना ते आठवायचीही गरज नव्हती. रिळाचे किती वेढे उरले होते, मूठ कधी मिटली, कधी उघडली, सगळं नऊ वर्षं डोळ्यांपुढे होतं. दोघांनी मिळून ती दोन मिनिटं शोधून काढली आणि कापून टाकली. उरलेल्या पाण्याचा हिशोब तिने पुन्हा केला. दहापट नव्हतं. दुपटीला थोडं कमी होतं. पण काठावर उष्णता खरंच जास्त वेगाने मिसळत होती. सर चुकले नव्हते. हे कळलं तेव्हा केळुसकरांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विनीताला तीनदा सांगितलं.

प्रबंध उन्हाळ्यात गेला. त्याचं एक पान हिमानीने आणून दिलं. आभाराचं नव्हे, मोजणीच्या पद्धतीचं. त्यात एक ओळ होती: सातव्या डुबकीत दोर दोन मिनिटं ताठ होता, तेवढा भाग वगळला आहे, माहिती, गोपीनाथ केळुसकर.

विनीताने भिंतीवरची चौकट उतरवली, मागचे खिळे सोडवले, आणि जुन्या पानाच्या जागी हे नवं पान घातलं. पुढच्या रविवारी शेजारचे विनयजी आले, चष्मा चढवून चौकटीपाशी गेले. "क्या छपा है, केळुसकर साहब?"

केळुसकर या वेळी पाणी आणायला आत गेले नाहीत. "बैठिए," ते म्हणाले, "शुरू से बताता हूँ."