पैलवानाचं औषध

सुमतीअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच मागच्या दाराच्या पायरीवर बसून त्यांच्या मांजराला दूध-भाकरी कुस्करून देत होतो. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन पुण्याहून, त्यांच्या मुलाचा, अभयचा. "काका, आई गेली. पहाटे, झोपेतच." मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. मग त्यानंच विचारलं, "पैलवान खातोय ना? काल संध्याकाळी आई तेवढंच विचारत होती." मी ताटलीकडं पाहिलं. अर्धी संपली होती. तसं त्याला सांगितलं.

त्याला आता सात आठवडे झाले. अक्का माझ्या नात्याच्या नव्हेत. शेजारच्या. पण माझ्याकडून आयुष्यात एक मोठं खोटं बोललं गेलं ते त्यांच्याशी, आणि त्यातून मला सोडवलं तेही त्यांनीच. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही कोल्हापुरातल्या या गल्लीत राहायला आलो त्याला तेरा वर्षं झाली. मी मूळचा शिरोळकडचा, एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. उसाच्या रसात साखर किती ते मोजायचं, हे माझं काम. दुसऱ्या दशांशापर्यंत आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. अक्कांचं माहेर कुरुंदवाड, यजमान वारलेले, मुलगा पुण्यात. दोन्ही घरांच्या परसांमध्ये कमरेएवढी एकच भिंत. सामान उतरवत होतो तेव्हा पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "कोन गाव, पावणं?" मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि बौद्ध आहोत हेही सांगून टाकलं. हे नंतर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असा माझा अनुभव. अक्का म्हणाल्या, "आनि आमी जैन. मी कुनाच्याच घरातलं खात न्हाय भाऊ, सख्ख्या भनीच्याबी न्हाय. तवा तुमच्यात खाल्लं न्हाय म्हणून मनाला लावून घ्याचं न्हाय. पर मी दिल्यालं तुमी खायाचं." आणि भिंतीवरून शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा पुढं आला. घर बदलण्याची माझी ही चौथी खेप होती. इतकं सरळ आमच्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

पैलवान आला साडेसात वर्षांपूर्वी. अक्कांच्या पाण्याच्या मोटरीवर झाकायला एक लाकडी पेटी होती, तिच्यात हे पिल्लू एकटंच ओरडत सापडलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी त्याचं वजन केलं. तीनशे दहा ग्रॅम. पाय काडीसारखे, पोट खपाटीला गेलेलं. अक्का त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "पैलवान हाय पैलवान. कोन जिंकायचं न्हाय ह्येला." तेच नाव राहिलं. पुढं तो खरोखरच सव्वाचार किलोचा झाला. वजनाची माझी रीत ठरलेली. त्याला उचलून माणसांच्या वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हा कार्यक्रम असे आणि तो आकडा आमच्या कॅलेंडरवर लिहिला जाई. माझी पत्नी शोभा म्हणायची, "लेकीचं वजन कधी एवढ्या वेळा केलं न्हवतं."

मांजर एकाचं असलं तरी उपद्रव दोन घरांना पुरतो. माझ्या काळ्या पँटवर त्याचे पांढरे केस आणि अक्कांच्या पांढऱ्या पातळावर काळे, हे त्याला कसं जमायचं कोण जाणे. पापड वाळत घातले की तो नेमका मधल्या पापडावर पाय देऊन जायचा. माझ्या स्कूटरच्या सीटवर त्यानं नख्या घासल्या. एका रविवारी मी त्या खुणा मोजल्या आणि भिंतीवरून तक्रार केली, "अक्का, सदतीस झाल्या." अक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोजून काय करनार भाऊ? अडतिसावी उद्या हाय की." पण कारखान्यातून दमून आलो की हाच प्राणी पायावर डोकं घासत दोन फेऱ्या मारायचा, मांडीवर चढून मोटर लावल्यासारखा घुरघुरायचा, आणि दिवसभराचा शीण उतरायचा. हे मोजता येत नाही. मी प्रयत्न केलेला आहे.

अक्कांची अडचण वेगळी होती. पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, दिवस मावळल्यावर पाण्याखेरीज काही घेत नसत, आणि पाळलेलं मात्र मांजर. एकदा पैलवानानं उंदीर आणून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला. अक्का काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर उपाशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यात घुंगरू आलं, उंदरांना आणि चिमण्यांना तो आल्याचं कळावं म्हणून. "त्येचा दोष न्हाय," त्या मला म्हणाल्या, "त्येचा जन्मच तसला. पर माझ्या दारात नको." त्यांच्या घरी त्याला मिळायचं ते दूध, भाकरी, तूप-भात, सणाला शिरा. तो ते आवडीनं खायचा.

तीन वर्षांचा होत आला तेव्हा, वैशाखात, तो कुंडीला धडकला. मी हसलो. दुसऱ्या दिवशी पायरी चुकला. भर दुपारच्या उन्हात त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या रुंद उघड्या होत्या. अक्कांचे गुडघे दुखत, म्हणून डॉक्टरांकडं मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि विचारलं, "खायला काय देता?" मी यादी सांगितली. "मांस, मासे?" मी म्हटलं, "जैनाच्या घरातलं मांजर आहे, डॉक्टर." ते म्हणाले, "मांजराला ते ठाऊक नाही हो." मग त्यांनी नीट समजावलं. मांजराच्या डोळ्यांना आणि काळजाला लागणारा एक घटक मांस-मासळीतूनच मिळतो. दूध-भातावर ठेवलं तर नजर जाणार, पुढं हृदयही जाणार. गेली ती नजर परत येणार नाही, पण रोज मासे दिले तर उरलेली राहील.

परत येताना पिशवीत मांजर आणि डोक्यात हिशेब. खरं सांगितलं तर अक्कांपुढं दोनच वाटा होत्या. रोज मासा खाणारं मांजर मांडीवर घ्यायचं, किंवा त्याला दुसरीकडं देऊन टाकायचं. उंबऱ्यावरच्या एका उंदरासाठी उपाशी राहिलेली बाई पहिली वाट धरणार नाही, असं मला वाटलं. आणि पैलवान गेला असता तर त्या घरात दिवसभर बोलायला दुसरं कोण होतं? अक्का भिंतीशीच उभ्या होत्या. मी म्हटलं, "डॉक्टरांनी औषध दिलंय. रोज साडेपाचला द्यायचं, मोजून. आमच्याकडंच पाठवा त्याला." अक्का क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोजून द्याचं असंल तर तुमीच द्या."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या परसात, अक्कांच्या भाषेत परड्यात, सत्तर ग्रॅम उकडलेला बांगडा, काटे काढून. कामावरून यायला मला उशीर झाला तर शोभा द्यायची, आणि मला ऐकवायची, "झालं तुमच्या पेशंटचं औषध. आम्हालाबी कधी असे काटे काढून वाढा." महिन्याभरात सरावानं त्याचं धडकणं थांबलं. तिन्हीसांजेला बारीक वस्तू त्याला अजूनही दिसत नाहीत, पण उरलेली नजर राहिली. खोटं मात्र राहिलं माझ्याजवळ. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की मी नुसते ओठ हलवायचो. प्रयोगशाळेत मी कधी कुणासाठी आकडा फिरवलेला नाही, आणि इथं ज्या बाईनं पहिल्याच दिवशी मला सगळं तोंडावर सांगितलं, तिच्याच मांजराला तिच्या पाठीमागं मी तिला न चालणारं खाऊ घालत होतो. तोंड उघडावं तर तिचं मांजर जाणार, न उघडावं तर हे असं. शोभा म्हणायची, "सांगून टाका एकदा." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात.

भाद्रपदात जैनांचं पर्युषण संपलं की क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची, घरोघर जाऊन क्षमा मागायची. दहा दिवस एक वेळ जेवलेल्या अक्का, औषध सुरू झाल्यापासून, त्या सकाळी सगळ्यांच्या आधी आमच्या दारात येऊ लागल्या. हात जोडायच्या. "काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा करा, भाऊ." मी ओशाळून म्हणायचो, "अहो अक्का, तुमचं काय चुकणार!" पहिल्या वर्षी असं झालं. दुसऱ्या वर्षी झालं. तिसऱ्या वर्षी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पायरी चढून आल्या आणि हात जोडले. मला ते बघवेना.

"अक्का, चूक माझी आहे," मी म्हटलं. "पैलवानाला मी औषध देत नाही. बांगडा देतो. रोज सत्तर ग्रॅम. दोन वर्षं आणि चार महिने झाले."

शोभा आतून येऊन दाराशी उभी राहिली.

"सत्तरच व्हय?" अक्का म्हणाल्या. "मला वाटलं पावशेर तरी असंल. कसा फुगलाय बघा की."

मी शोभाकडं पाहिलं.

"भाऊ, बांगड्याचा वास लपतोय व्हय कुठं? पयल्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तुमी थांबला असता. आनि त्येचं डोळं गेलं असतं." अक्का म्हणाल्या, "मला त्येला खायाला घालताबी येत न्हवतं, आनि सोडताबी येत न्हवतं. तुमी औषध म्हनला, मी व्हय म्हनलो. पाप तुमच्या परड्यात ढकललं नि माझं सोवळं सांभाळलं मी... दरसाल पयल्यांदा तुमच्याच दाराला का येतो, काय वाटलं तुमाला?"

इतके दिवस मला वाटत होतं की मी त्यांना फसवतो आहे, आणि त्या समजत होत्या की त्या माझ्यावर भार टाकताहेत.

"आता तरी म्हना की क्षमा केली म्हणून," अक्का म्हणाल्या. "तुमचं काय चुकनार, तुमचं काय चुकनार म्हनून तीन वर्सं टोलवायलाय."

"केली, अक्का. क्षमा केली."

"मीबी केली," असं म्हणून त्या पुढच्या घराकडं वळल्या. शोभा मागून म्हणाली, "बघा, नुसतं बोलायला अडीच वर्षं घालवली." मी तिला दोन वर्षं चार महिने अशी दुरुस्ती सुचवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं फार सुखाची गेली. साडेपाच वाजत आले की भिंतीपलीकडून खणखणीत हाक यायची, "भाऊ, औषधाची वेळ झाली!" शब्द तोच ठेवला होता त्यांनी. पैलवान भिंतीवरून उडी मारून यायचा, खायचा आणि तसाच परत जायचा. गेल्या मार्गशीर्षात अक्कांना धाप लागू लागली. अभय त्यांना पुण्याला न्यायला आला. गाडीत बसताना माझ्या हातात किल्ली दिली आणि म्हणाल्या, "औषध चुकवू नका त्येचं." एकोणीस दिवसांनी तो फोन आला.

अभयच्या फ्लॅटमध्ये मांजर ठेवायची सोय नाही. ते आमच्याकडं राहणार हे न बोलताच ठरलं. आधीचे एकोणीस दिवस तो मासा खाऊन भिंतीवरून अक्कांच्या बंद दाराशी जाऊन बसायचा. त्या गेल्यावर मी त्याला आमच्या घरात घ्यायला लागलो, पण एक अडचण आली. सकाळी दूध पिऊन तो बिनदिक्कत आत यायचा. संध्याकाळी बांगडा खाल्ला की मात्र उंबऱ्याशी थांबायचा. हनुवटी वर करायची, डोळे मिटायचे आणि तसंच उभं राहायचं. बोलावलं तरी आत येत नसे, उचलून आणलं तर पुन्हा बाहेर जाऊन तसाच उभा. अकरा दिवस मी हे पाहिलं. घशात काटा अडकला असेल म्हणून डॉक्टरांनाही दाखवून आणलं. बाराव्या दिवशी शोभा गच्चीवरून कपडे घेऊन खाली आली, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अहो, तोंड पुसा की त्याचं. अक्का रोज पुसायच्या, त्यांच्या पायरीवर. मी वरून बघायची. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. मी किल्ली घेऊन अक्कांच्या घरात गेलो. मागच्या दाराच्या आत, खिळ्याला, एका जुन्या पातळाची फडकी टांगलेली होती. सगळी एका मापाची, कडा दुमडून टाचलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेली. सात. रोज संध्याकाळी ज्या वासानं त्यांना अन्न गेलं नसतं, तो वास अक्का स्वतःच्या बोटांनी टिपत होत्या, आणि ते फडकं स्वतः धुऊन वाळत घालत होत्या. पहिल्या दिवसापासून. म्हणजे माझ्या परड्यात ढकललं म्हणाल्या होत्या त्यातलं काही त्यांनी रोज स्वतःच्या हाती घेतलं होतं, आणि क्षमावणीच्या सकाळी माझ्या दारात उभं राहून मला सांगितलं नव्हतं.

मी एक फडकं घेतलं, सहा तिथंच राहू दिली. नळाखाली ओलं केलं, पिळलं. पैलवान उंबऱ्याशी मान वर करून उभा होता. आधी मिशा, मग हनुवटी, मग दोन्ही पंजे... मला क्रम माहीत नव्हता. तो एकेक पुढं करत गेला, तसं मी पुसत गेलो. मग तो आत आला.