मुंडकी मायच्या ताटात

माय मासोळीचं मुंडकं खायची. आम्हा तीन भावंडांना पाठीचे तुकडे, बाबांना पोटाकडचे, आणि तिच्या ताटात मुंडकं, काळीज, काटे. "मले मुंडकंच आवडते," म्हणायची. मी आठ वर्षांची होते, मला ते खरं वाटायचं.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. बाबा भंडाऱ्याकडचं गाव सोडून एका ठेकेदाराकडे मजुरीला लागले होते. आमच्या झोपड्यांमागे तलाव होता. गावाकडे आमच्या लोकांना तळ्याच्या पाण्याला हात लावू देत नसत. इथे कोणी अडवलं नाही. बाबा दर रविवारी गळ टाकून बसायचे आणि सगळ्यांना दिसतील अशा मासोळ्या हातात धरून घरी यायचे.

मग त्याच ठेकेदारानं काठावर पत्र्याची शेड घातली. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून तिथे शिसं वितळवायचे. धुवण आणि राख सरळ तलावात. मासोळ्यांची चव काही बदलली नाही. आम्ही दोन वर्षं खाल्ल्या.

मायच्या पोटात कळा येऊ लागल्या. एक दिवस भाताचं पाणी पसवताना गंजाचं भांडं हातातून सुटलं. उजवं मनगट लोंबलं ते वर येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे ओठ वर करून हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली.

"घरात कोणी शिशाचं काम करतं?"

"नाही जी," बाबा म्हणाले. मग त्यांनी शेडचं सांगितलं, मासोळ्यांचंही.

डॉक्टर म्हणाले, "शिसं मासळीच्या मांसात कमी साचतं. काळजात, हाडांत जास्त. तिथूनच आलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आता खाऊ नका."

मी मायकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ते ठेकेदाराकडे गेले. तो हसला. "मछली मैंने खिलाई थी क्या?"

पण महिन्याभरात त्यानं शेड हलवली. दोन कोसांवरच्या एका खेड्याच्या तलावावर नेली. बॅटऱ्या ट्रकमध्ये चढवायला बाबाच होते.

मायचा हात पुढे थोडा सुधारला, पण वेणी घालण्याइतका कधीच नाही. माझी वेणी शेजारीण घालायची. एका संध्याकाळी मायनं बाबांना विचारलं, "तुमी त्या गावच्या लोकायले सांगतलं का?"

"सांगतलं तर हा उद्या कामावर घेईन का मले?"

"तिथंबी बाया असतीन नं," माय म्हणाली.

बाबा उठून बाहेर गेले. ते कधीच सांगायला गेले नाहीत. मोठी झाल्यावर मीही गेले नाही. त्या खेड्याचं नाव मला ठाऊक होतं.