पहिल्या रांगेमागचं पाणी

आमच्या गावातून सातपुडा भिंतीसारखा दिसतो. उत्तरेला एक निळी रेघ, आणि ती ओलांडली की मध्य प्रदेश, असं मी लग्न होऊन चोपडा तालुक्यात आले तेव्हापासून धरून चालले होते. ते चूक आहे. पहिल्या रांगेमागे दुसरी रांग आहे, तिच्यामागे आणखी एक, मध्ये खोल दऱ्या आणि सागाचं, अंजनाचं रान. तिथे पडलेलं सगळं पाणी एका अरुंद खिंडीतून बाहेर येतं. खिंडीच्या तोंडाशी आमचं गाव.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी देवीचा नारळ नथ, दागिने घालून पाटावर मांडायचा, भाऊबंदांनी मिळून प्रसादाचे कणकेचे रोट खायचे, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जायचं. पाट घरातल्या सुनेच्या डोक्यावर असतो. एकदा उचलला की नदीत उभं राहून आरती होईपर्यंत खाली ठेवायचा नाही. बरीच वर्षं तो मी नेला. गेल्या वर्षी मणक्याच्या दुखण्यामुळे मी नाही म्हटलं, म्हणून धाकट्या जावेवर आला. ती कडक उपास करणारी, देवाचं सगळं नेमानं करणारी. तिला आनंदच झाला.

आमची नदी म्हणजे वर्षातले बरेच महिने दगडगोट्यांचा रस्ता. त्या सोमवारी मधोमध घोट्याइतकं पाणी होतं, नितळ. ऊन चांगलं होतं. डोंगराचा माथा ढगात होता, पण श्रावणात तो असतोच. त्याकडे कोण बघतं. दिरांनी डीजेचा ट्रॅक्टर थेट पात्रात उतरवायला लावला होता. बायका नाचत होत्या. जाऊ पाण्यात उभी, दोन्ही हात वर, पाट धरलेला.

मी काठाजवळ पाय धूत होते. पाण्याचा रंग बदलला. आधी चहासारखा, मग त्यात सागाची कुजकी पानं, काटक्या, मोहाच्या बिया. गावात सागाचं झाड नाही. कुजलेल्या पाचोळ्याचा वास आला. मी वर खिंडीकडे पाहिलं. काहीच दिसलं नाही, नदीला तिथे वळण आहे.

"बाहेर निघा सगळे," मी ओरडले. "वरून पाणी येतंय."

दीर वर आभाळाकडे बघून हसले. "वहिनी, आभाय तं मोकळं शे. तुम्ही अमळनेरच्या. तुमच्या नदीवर धरण, पूर यायचा तर आधी बातमी येते, मग पाणी येतं."

"म्हणूनच सांगतेय. इथे बातमी येणार नाही."

"अक्का, बघा तुमची मोठी सून. देवीला पण घाई करते."

सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्या आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. "घाई कसानी शे?" त्या म्हणाल्या. "आरती व्हऊ दे."

काही बायका मात्र माझा चेहरा बघून काठाकडे सरकल्या. मी जावेजवळ गेले आणि तिच्या कानाशी सांगितलं, "पाट ठेव आणि चल." तिने मान हलवली नाही. डीजे इतका मोठा की माझंच बोलणं मला ऐकू येईना. पायाखालचे गोटे थरथरत होते. ती थरथर डीजेची नव्हती. डीजेला ताल होता, हिला नव्हता.

मी हाताच्या एका फटक्यात तिच्या डोक्यावरचा पाट उडवला.

नारळ दगडावर आपटून घरंगळला. नथ कुठे गेली कळलं नाही. कोणीतरी डीजे बंद केला. सासूबाईंच्या हातात ताट तसंच राहिलं. दीर माझ्याकडे चालत आले. त्या घरात इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी हात उचलला नव्हता, पण ते थांबतील असं मला वाटलं नाही. ते मध्येच थांबले, कारण शांततेत आता आवाज ऐकू येत होता. खडी भरलेले ट्रक एकामागून एक रिकामे करावेत तसा.

मग पळापळ. मी जावेला दंड धरून ओढत नेलं. दिरांनी आईला उचललं. वळणावरून पाणी आलं ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. पुढे लाकडं, पाला, फेस यांचा पुरुषभर उंच ढीग सरकत होता आणि त्याच्या पोटात धोंडे एकमेकांवर आदळत होते. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उडी मारून सुटला. ट्रॅक्टर आडवा झाला, मग दिसेनासा झाला. वर ऊन तसंच होतं. सगळ्यांची माणसं मोजून झाली तरी आम्ही पुन्हा पुन्हा मोजत होतो.

दुपारी पाणी ओसरलं. दीर आणि मी मोटारसायकलने खालच्या रस्त्याच्या पुलावर गेलो. पाट, नारळ काही अडकलंय का बघायला. पुलाखाली पात्र कोरडं ठणठणीत होतं. एक म्हातारे आबा शेळ्या घेऊन त्यातच बसले होते.

"पूर इकडून गेला का, आबा?"

"कसाना पूर?"

दीर पुलाच्या कठड्यावर बसले. डोंगरातलं पाणी पायथ्याच्या गोट्यांत मुरतं, आमच्या केळीच्या बोअरला तेच येतं, हे आम्हा दोघांना पाठ होतं. पण सकाळी ट्रॅक्टर गिळणारी नदी दुपारी जमिनीने गिळलेली बघणं वेगळं.

घरी जाऊ ओट्याला टेकून बसली होती. आरती झाली नव्हती, म्हणून तिने उपास सोडला नव्हता; समोरचा चहा गार झाला होता. मी तिला म्हटलं, "पाट पाडायला नको होता. पण डीजेमुळे तुला माझं ऐकूच आलं नाही."

"आलं होतं, ताई."

"काय आलं होतं?"

"पाणी येतंय ते. तुम्ही कानात सांगायच्या आधीच पायाखालचे गोटे थरथरत होते माझ्या." तिने हात पदरात घेतले. "पण आरती बाकी होती."

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, तिच्यासमोर बसल्या आणि गार चहाचा कप स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाला लावला. मला त्या घोटाचा आवाज ऐकू आला. मग मीही त्या दोघींजवळ खाली बसले.